डावा सिलिंडर काकांचा

"डाव्या अंगाला हात लावायचा न्हाई हं, पाव्हणं."

मी मोटरसायकलीशेजारी उकिडवा बसलो होतो. हातातला पाना तसाच धरून मी वर पाहिलं. माझे होणारे सासरे, दौलतराव रेडेकर, शेडच्या दारात उभे होते.

"का? गरम आहे?"

"गरम कशानं आसंल? म्हैना झाला सुरूच किली न्हाई. त्यो डावा सिलिंडर धाकट्याचा हाय. आपला उजवा."

मला वाटलं, थट्टा चाललीय. होणाऱ्या जावयाची फिरकी घ्यायची पद्धत आमच्याकडेही आहे. म्हणून मी हसलो. दौलतराव हसले नाहीत.

त्यांच्या उज्ज्वलाशी माझा नुकताच साखरपुडा झाला होता. मी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत इलेक्ट्रिक सुपरवायझर होतो. त्यामुळे विजेवर चालणारी किंवा विजेपायी अडलेली जगातली कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते, असं मला त्या वयात अगदी मनापासून वाटायचं. गडहिंग्लजकडच्या त्या गावात सासरच्या गाडीचा आजार कानावर आला आणि मी न सांगता बाह्या वर केल्या. आजार गाडीला नव्हता, हे कळायला मला लग्नाचा दिवस उजाडावा लागला.

गाडी विलायती होती. दोन सिलिंडरची, जड, काळी, टाकीवर सोनेरी रेघ. उज्ज्वलाच्या आजोबांनी ती धरणाच्या कामावर आलेल्या एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. आजोबा गेले आणि दोघा भावांत वाटणी लागली. जमिनीची झाली, घराची झाली, अंगणातून भिंत गेली, तांब्याचे हंडेसुद्धा सुखरूप वाटले गेले. गाडीवर मात्र घोडं अडलं. थोरले दौलतराव सोडायला तयार नाहीत, धाकटे हिंदुराव विकायला तयार नाहीत. संध्याकाळपर्यंत पंचांची टाळकी फिरली. त्यांतले एक वैतागून म्हणाले, "तिला दोन सिलिंडर हाईत न्हवं? मग घ्या की एकेक!"

पंच हे बोलून उठले आणि घरी जेवायला गेले. रेडेकर बंधूंनी तो निवाडा धरला.

तेव्हापासून उजवा सिलिंडर थोरल्यांचा आणि डावा धाकट्यांचा. प्लग ज्याचा त्यानं बदलायचा, कॉइल ज्याची त्यानं सांभाळायची. गाडी खंडेनवमीला पूजा झाली की दौलतरावांच्या ताब्यात आणि गुढीपाडव्याला हिंदुरावांच्या. शेड भिंतीच्या टोकाला, तिला दोन्ही अंगणांतून एकेक दार. दौलतरावांच्या दारातून गाडीची उजवी बाजू दिसे, हिंदुरावांच्या दारातून डावी. आपल्या बाजूचं तेवढं पुसायचं, अशी शिस्त होती. पुढचं मडगार्ड मधोमध चकचकीत आणि धुळकट असं दोन रंगांचं झालं होतं. चकचकीत बाजू कुणाची, ते ताबा कुणाकडे आहे त्यावर.

अकरा वर्षं भाऊ एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. बोलायची वेळ आलीच तर म्हशीशी बोलायचे, भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

आता गाडीचं दुखणं. या जातीच्या जुन्या गाडीला प्रत्येक सिलिंडरची वेगळी कॉइल असते. बॅटरीतला करंट कॉइलमध्ये वाढतो आणि प्लगवर ठिणगी पडते. कॉइली म्हाताऱ्या झालेल्या. गाडी थोडी पळाली की तापायच्या आणि एक कुठलीतरी मान टाकायची. मग उरलेल्या एका सिलिंडरवर गाडी फटफटत, लंगडत घरी यायची. ज्याची कॉइल जिवंत राहिली तो भाऊ त्या संध्याकाळी म्हशीशी फार बोलायचा.

"तुमी इलेक्ट्रिकमधलं मानूस," दौलतराव खाली बसत म्हणाले. "आपल्या अंगाला आसली कॉइल घाला की एकटीच्या जिवावर गाडी भैरोबापत्तुर गेली पायजे. धाकट्याचा सिलिंडर मेला तरी चालंल. मेला तर बरंच."

भैरोबा मध्ये आला तो असा. रेडेकरांच्या घरातली लेक लग्नादिवशी सकाळी याच गाडीवर बसून माळावरच्या भैरोबाला जायची. उज्ज्वलाच्या दोन्ही आत्या अशाच गेल्या होत्या. वाटणी झाल्यावर घरातलं पहिलंच लग्न उज्ज्वलाचं. लग्न वैशाखात, म्हणजे ताबा हिंदुरावांचा. रिवाज मोडायची कुणाची छाती नव्हती, म्हणून चालवणार हिंदुराव, हे ठरलेलं होतं. भावाच्या गाडीवरून आपली लेक जाणार, आणि गाडी ओढणार मात्र आपला सिलिंडर, एवढंच दौलतरावांना हवं होतं.

मी मान डोलावून बाहेर पडलो, तर भिंतीपलीकडून शीळ आली. हिंदुरावांनी मला बोटानं बोलावलं. हा माणूस बारीक, चेहऱ्यानं हसरा, बायको लवकर गेलेली आणि पोरबाळ नाही.

"थोरल्यानं काय सांगितलं ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्येच्या अंगाला जी घालाल त्येच्यापरास एक नंबर भारी माझ्या अंगाला घाला. पोरगी माझ्या सिलिंडरवर जानार. तिला टाकीवर बसवून शाळंत सोडलंय मी. त्येनं न्हाई."

उज्ज्वला मला स्टँडवर सोडायला आली तेव्हा मी हा सगळा प्रकार तिला रंगवून सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं.

"काका तुम्हाला एवढंच बोलले?" तिनं विचारलं. "देवळापर्यंत नेतील. पण मांडवाच्या दारात मला उतरवणार आणि तसेच परत फिरणार. बाबांच्या मांडवात पाय ठेवायचा नाही म्हणून शपथ घेतलीय त्यांनी."

"मग?"

"मग काय? काका मांडवात नसले तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

"म्हणजे माझं लग्न..."

"तुमचं एकट्याचं नाही, माझंही आहे ते," ती शांतपणे म्हणाली आणि गाडी लागली म्हणून मला एसटीत चढवलं.

इचलकरंजीपर्यंत मला घाम फुटलेला होता. पत्रिका छापून झाल्या होत्या, आईनं मानपानाचे आहेर घेऊन ठेवले होते. शिवाय खरं सांगायचं तर एव्हाना मला दुसऱ्या कुठल्या मुलीशी लग्न करायचंच नव्हतं. पण इलेक्ट्रिक सुपरवायझर तो, गप्प कसा बसेल? दुसऱ्या दिवशी गिरणीत एका पॅनेलपुढे उभा असताना मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

या गाडीचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात आणि एकाच वेळी खाली जातात. असल्या गाडीला दोन कॉइली लागतच नाहीत. नव्या पद्धतीची एकच कॉइल मिळते. तिच्यातून दोन जाड वायरी निघतात, एक उजव्या प्लगला, एक डाव्या. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटांच्या जागी एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबी बसवली की कॉइल तापतही नाही आणि दोन्हीकडे सारखा करंट. ती मी पुण्याहून मागवली. आता प्रश्न एवढाच, की एक कॉइल दोन भावांच्या गाडीत घालायची कशी? तर तिथंच माझी खरी हुशारी होती.

पाडव्यानंतर मी जाऊन कॉइल टाकीखाली बसवली. उज्ज्वला पाने हातात देत होती. लग्नाळू माणसाला होणाऱ्या बायकोपुढे शहाणपण दाखवायची फार हौस असते, त्यामुळे मी तिला एकेक वायर समजावून सांगितली.

"आणि ही बारीक कशाची?" सीटखालच्या झाकणाआडच्या वायरीला बोट लावून तिनं विचारलं.

"हिच्यातून बॅटरीचा करंट कॉइलला जातो. सगळी मदार हिच्यावर. पूर्वी एक बाजू मेली तर दुसरी घरी आणायची. आता ही एक पिन निसटली की दोन्ही सिलिंडर ठार." मी पक्कडीनं पिन दाबून घट्ट बसवली. "पण निसटायची नाही. मी बसवलीय."

"हो का," ती म्हणाली.

मग मी दौलतरावांना त्यांच्या दारातून आत घेतलं. "कॉइल तुमची," मी हलक्या आवाजात म्हणालो. "एक नंबरची आहे. इतकी ताकदवान, की काकांच्या सिलिंडरलासुद्धा तीच करंट देते. त्यांची जुनी काढून टाकलीय. पण हे त्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

दौलतरावांनी कॉइलीवरून बोट फिरवलं. "म्हंजी त्यो आता माझ्या करंटवर चालनार?"

"सर्वस्वी."

त्यांनी घरात जाऊन ज्योतिबाचा गुलाल आणला आणि कॉइलीच्या उजव्या टोकाला बोटभर लावला. डोळ्यांत पाणी होतं म्हणा ना.

तासाभरानं तेच वाक्य मी हिंदुरावांना डाव्या दारातून सांगितलं. ते खंडोबाचे भक्त. त्यांनी डाव्या टोकाला भंडारा लावला आणि माझी पाठ थोपटली. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, ही माझी सगळ्यांत मोठी सोय होती.

पुढं जे झालं ते माझ्या अपेक्षेपेक्षाही झकास झालं. आपण दुसऱ्याला पोसतोय असं कळल्यावर माणसाचं मन किती मोठं होतं! दौलतरावांनी धाकट्याच्या अंगणात आंब्याची पाटी ठेवली. हिंदुरावांनी थोरल्याच्या दारापुढचा तुंबलेला पाट न सांगता मोकळा केला. मडगार्ड दोन्ही बाजूंनी चमकायला लागलं. म्हशी मुक्या झाल्या. उज्ज्वलाचा निरोप आला की बाबा आणि काका समोरासमोर आले तर आता मान हलवतात. मी गिरणीत सगळ्यांना चहा पाजला.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाड घेऊन गावात पोचलो, जानवसा शाळेत होता. मी लगेच हिंदुरावांना गाठलं.

"काका, उद्या मांडवात येणार ना?"

"मी? कशाला?" ते अगदी प्रेमानं म्हणाले. "त्येला करंट देतोय, तेवढं पुरं झालं. देनाऱ्यानं घेनाऱ्याच्या पंगतीला जाऊन बसू नये. बरं दिसत न्हाई."

माझी युक्ती सगळीकडे लागू पडली होती, फक्त जिथं लागू पडायला हवी होती तिथं नाही. रात्रभर मी शाळेच्या बाकावर कूस बदलत होतो. काका दारातून परत फिरणार, उज्ज्वला दारातच उभी राहणार, आणि मुंडावळ्या बांधून मी बाहुल्यासारखा बोहल्यावर. तिनं शब्द दिला होता, आणि ती शब्द फिरवणाऱ्यांतली नव्हती.

सकाळी मुंडावळ्या बांधून होताहेत तोच फुलांचा टेम्पोवाला धावत आला. "नवरदेवाला बलिवलंय! देवळापुढं गाडी बंद पडलीया!"

"नवरदेव गाड्या दुरुस्त करत फिरणार का?" आई कडाडली.

मी तोवर टेम्पोत चढलो होतो.

भैरोबाच्या देवळापुढचं दृश्य असं: गाडी स्टँडवर. दौलतराव फेटा काढून घामानं निथळत किक मारताहेत. ते थकले की हिंदुराव मारताहेत. येताना तिघं एकाच गाडीवर आले होते. हिंदुराव चालवायला, मध्ये शालू नेसलेली उज्ज्वला आणि मागं, आपल्या कॉइलीवर लक्ष असावं म्हणून, दौलतराव. दर्शन झालं, उज्ज्वला पुढं बाहेर आली, मागं दोघांनी नारळ फोडला, बाहेर आले तर गाडी ढिम्म. दोघांनी आपापला प्लग काढून पाहिला होता, पुसून परत लावला होता. त्यापलीकडं बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण त्यापलीकडचं कुणाच्याच वाटणीला आलेलं नव्हतं. उज्ज्वला पायरीवर पदर सावरून बसली होती.

मी मुंडावळ्या कानामागे सारून खाली बसलो. कुणी वाकायच्या आत दोष सापडावा म्हणून देवाचं नाव घेत होतो.

"काळजी करू नगं," दौलतराव भावाला मायेनं म्हणाले. अकरा वर्षांतलं ते पहिलं सरळ वाक्य. "माझी कॉइल नवी हाय. तिला काय हुयाचं न्हाई."

"तुझी?" हिंदुराव हसले. "दादा, आज शुभ दिवस, म्हनून सांगतो. कॉइल माझी हाय. तुला करंट मी देतोय."

दौलतरावांनी आधी भावाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग ते सावकाश वाकले आणि टाकीखाली डोकं घातलं. दुसऱ्या बाजूनं हिंदुरावांनीही घातलं. टाकीखाली दोन डोकी आणि मध्ये एक कॉइल, तिच्या एका टोकाला गुलाल आणि दुसऱ्या टोकाला भंडारा.

"ह्यो भंडारा कुनाचा?"

"ह्यो गुलाल कुनाचा?"

दोघं एकदमच उठले. हिंदुरावांचं डोकं टाकीवर आपटलं.

"पाव्हणं," दौलतराव म्हणाले, "कॉइल कुनाची?"

खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. "एकच आहे," मी म्हणालो. "दोघांची."

त्यानंतर मला ज्या शिव्या बसल्या, त्या इथं देता यायच्या नाहीत. एवढंच सांगतो, की एक भाऊ दमला की दुसरा सुरू करायचा, एकाला शब्द सापडला नाही तर दुसरा पुरवायचा. लबाड, भामटा, गावाला विकून खाईल असला माणूस. दौलतराव म्हणाले, "आसल्याला पोरगी द्यायची?" आणि हिंदुराव म्हणाले, "दादा, इकडं ये जरा." मग दोघं लांब जाऊन बाभळीखाली उभे राहिले आणि हातवारे करत बोलू लागले.

लग्न मोडायचा विचार ते दोघं मिळून करत होते, आणि तो योग मीच जुळवून आणला होता.

"आता काय होईल?" मी उज्ज्वलाला विचारलं.

"बोलताहेत ना?" ती बाभळीकडं बघत म्हणाली. "बोलू द्या."

"मुहूर्त टळेल!"

"तुम्ही गाडी बघा."

मी सीटखालचं झाकण काढलं. ती बारीक वायर लोंबकळत होती, पिन निघालेली. मी पक्कडीनं दाबून बसवलेली पिन! मला माझ्याच कामाची लाज वाटली. पिन बसवली, किक मारली आणि पहिल्या किकेला दोन्ही सिलिंडर धडधडले. बाभळीखालचे दोघं आवाजाकडं बघायलासुद्धा तयार नव्हते. पुष्कळ वेळानं ते आले. बोलले ते हिंदुराव.

"पत्रिका वाटल्यात, गाव जमलंय. लगीन हुईल. पन तुमच्यावर आमचा काडीचा इस्वास न्हाई. दादा एकटा तुमच्यावर लक्ष ठिवायला पुरायचा न्हाई. म्हनून मी मांडवात येनार. उभा ऱ्हानार, तुमच्या अगदी पाठीमागं."

"आन् जेवायला माझ्याशेजारी बसनार," दौलतराव म्हणाले. "हे बेनं पंगतीत काय करंल सांगता येत न्हाई."

तिघं गाडीवरून गेले. मी मागून टेम्पोतून, झेंडूच्या ढिगावर बसून.

मंगलाष्टकं सुरू झाली. हिंदुराव शब्दाला जागून माझ्या मागं उभे होते आणि अक्षता माझ्या मानेवर जरा जोरातच पडत होत्या. अंतरपाट दूर झाला. उज्ज्वलाचा हात हातात घेतला तेव्हा तिच्या मेंदी काढलेल्या अंगठ्याचं नख पार मुळापाशी तुटलेलं दिसलं. "हे काय?" मी पुटपुटलो. "बांगड्या भरताना," ती म्हणाली आणि काकांकडं बघून इतकी गोड हसली की मी नखाचं विसरून गेलो.

पुढं मला त्या घरात जन्माचं नाव पडलं: लबाड जावई. मी काय विकत घेतलं, कुणाला काय म्हणालो, यात काही डाव तर नाही ना, याचा खल करायला दोघा भावांना रोज भेटावं लागे. भिंतीला वळसा लांब पडतो म्हणून त्यांनी मध्ये दार पाडलं. मी दिवाळीला गेलो की दोघं झोपाळ्यावर शेजारी बसून माझ्याकडं एकाच संशयानं बघायचे. मला ते लागायचं, लागायचं नाही असं नाही. एवढं चांगलं केलं आणि त्या एका पिनेनं दगा दिला, हे माझ्या मनातून गेलं नाही.

दोघं गेले, तेही सहा महिन्यांच्या अंतरानं. गाडी उज्ज्वलाकडं आली, दोन्ही सिलिंडरसकट. दर खंडेनवमीला मी ती धुतो, पुसतो, उज्ज्वला पूजा करते. परवाही सीटखालचं झाकण काढून मी तेच म्हणालो, जे दरवर्षी म्हणतो.

"सगळं ठीक होतं गं. पण त्या दिवशी ही पिन निघाली कशी, मला अजून कळत नाही. पक्कडीनं दाबून बसवली होती मी. हातानं निघण्यातली नव्हती."

उज्ज्वला माळ गुंफत होती. तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली.

"हो ना," ती म्हणाली. "एवढी दाबून बसवायची असते का? नख तुटलं माझं."

आणि उठून तिनं हेडलाइटला झेंडूची माळ घातली.